आधी मायना

आमची पुण्यातली कंपनी सायबर सुरक्षेची. मुलाखतीत आम्ही एक प्रश्न सगळ्यांना विचारतो. पडद्यावर एक मेल दाखवायचा आणि म्हणायचं, खरा की खोटा सांगा. मुलं हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला त्याची नोंद, उघडतात, पाठवणाऱ्याचं डोमेन बघतात, लिंकवर माउस नेऊन खालचा पत्ता वाचतात. सगळी तेच करतात आणि त्याच क्रमाने करतात, कारण सगळ्यांनी तोच कोर्स केलेला असतो. दिवसाला अकरा मुलाखती झाल्या की आपण अकरा जणांना भेटलो की एकालाच अकरा वेळा, हे कळेनासं होतं.

२०२३ च्या पावसाळ्यात एक मुलगी आली. साताऱ्याकडची. बीकॉम, तेही बाहेरून. दिवसा एका पतसंस्थेत क्लार्क, आणि रात्री घरी अभ्यास करून सायबर सिक्युरिटीच्या दोन परीक्षा दिलेल्या. सीव्हीत शेवटी, छंदांच्या ओळीत, 'मोडी वाचन'. तिने मेल वाचला, हेडरला हात लावला नाही आणि म्हणाली, "खोटा आहे."

"कशावरून?"

"मायना चुकलाय."

पॅनेलवरचे दोघं हसले. मीही हसले असणार. मग तिने समजावून सांगितलं, अजिबात न बिचकता. मोडीचा कागद हातात आला की पहिल्यांदा काहीच लागत नाही. आधी आडवी रेघ मारून घेतलेली आणि बोरू फारसा न उचलता अक्षरं तिला लटकवत नेलेली. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. अशा वेळी धरायला एकच काठी, ती म्हणजे मायना. वडिलांना तीर्थरूप, बरोबरीच्याला राजश्री, धाकट्याला चिरंजीव. खालचा वरच्याला लिहितो तेव्हा 'विज्ञापना' येणार, वरचा खालच्याला लिहितो तेव्हा 'जाणिजे' येणार. हे ठरलेले शब्द कुठे असतील ते माहीत असतं, म्हणून ते आधी सापडतात. त्यांच्यावरून त्या कारकुनाची अक्षरं कळतात, आणि मग बाकीचा कागद हळूहळू बोलायला लागतो.

"आणि मॅडम, बनावट कागद करणारा शिक्का नीट उठवतो. अक्षरही वळवतो. पण कोणी कोणाला काय म्हणायचं, तिथं फसतो. या मेलमध्ये हेड ऑफिसचा साहेब ब्रँच मॅनेजरला 'रिस्पेक्टेड सर' म्हणतोय. आमच्याकडे साहेब असं म्हणत नाहीत."

मेल खोटाच होता. तो आम्हीच बनवला होता, आणि त्यात आम्ही पेरलेल्या चुका तीन होत्या. 'रिस्पेक्टेड सर' ही त्यांच्यातली नव्हती. ती आमच्याच हातून झालेली चूक होती.

तिला घेतलं नाही. आमच्याकडे अट आहे: दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे साठ टक्के, आणि पदवी म्हणजे इंजिनिअरिंगची. तिला बारावीला चोपन्न होते. मुळात ती आमच्यापर्यंत पोचली कशी, याचंच एचआरला आश्चर्य वाटलं. नकाराच्या कागदावर तीन सह्या लागतात. तिसरी माझी.

आणखी एक गोष्ट इथेच कबूल करून टाकते. पॅनेलवर एक बाई असलीच पाहिजे असा आमचा नियम आहे. ती बाई मी. वैविध्याच्या रकान्यात जी टिक पडते ती माझ्या जिवावर. पण उरलेले दोघं आणि मी, आम्ही एकाच तऱ्हेच्या कॉलेजांतून, एकाच तऱ्हेचे प्रश्न पाठ करून आलेले. तिघांची आडनावंही एकाच पेठेत सापडावीत अशी. साडीऐवजी शर्ट असता तर त्या खोलीत कोणाला फरक कळला नसता.

आमच्या धंद्यात ब्लेचली पार्कचं नाव निघालं की सगळे जरा ताठ बसतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची एनिग्मा, म्हणजे संदेश सांकेतिक करणारी मशीन, जिथे फोडली, तो लंडनच्या उत्तरेचा वाडा. तिथला गणितज्ज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग सगळ्यांना माहीत असतो. डिली नॉक्स फारसा कोणाला माहीत नसतो. हा माणूस ग्रीक भाषेचा. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या, फाटून तुकडे झालेल्या पपायरसवरची हेरोदासची नाटुकली जुळवून वाचण्यात त्याची वर्षं गेली होती. म्हणजे आपल्याकडे पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून बसणाऱ्यासारखा. पहिल्या महायुद्धापासून ब्रिटिशांनी त्याला संदेश फोडायला बसवलं होतं. तुटक्या अक्षरांतून ओळ उभी करण्याची सवय त्याच्या हाताला होती, आणि ती कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हती.

नॉक्सच्या हाताखाली १९४० मध्ये मेव्हिस लिव्हर नावाची मुलगी आली. वय एकोणीस, शिक्षण जर्मन साहित्याचं, तेही अर्धवट सोडलेलं. इटलीच्या नौदलाचे, एनिग्मावरूनच पाठवलेले संदेश तिच्यासमोर येत. एके दिवशी एक लांबलचक संदेश आला आणि तिला जाणवलं, यात एल हे अक्षर एकदाही नाही. एनिग्माचं एक वैशिष्ट्य असं, की कुठल्याही अक्षराच्या जागी तेच अक्षर ती कधीच देत नाही. म्हणजे पलीकडच्या ऑपरेटरला नुसता जागा भरायचा, अर्थ नसलेला संदेश पाठवायला सांगितला असणार, आणि कंटाळलेल्या त्या प्राण्याने डोकं न चालवता फक्त एलची कळ दाबत ठेवली असणार. त्या आळसातून चक्राची आतली जोडणी उलगडली. मार्च १९४१ मध्ये मॅटापानच्या भूशिराजवळ इटलीच्या आरमाराचा पराभव झाला, त्याआधीचे संदेश तिच्याच गटाने वाचले होते.

मला यात गणितापेक्षा दुसरंच काही दिसतं. एका कंटाळलेल्या माणसाचा स्वभाव तिने ओळखला. आणि ब्लेचलीत ज्याला 'क्रिब' म्हणत, म्हणजे संदेशात अमुक ठिकाणी अमुक शब्द असणारच हे धरून कुलूप उघडणं, ते आमच्या साताऱ्याकडच्या मुलीच्या 'विज्ञापना'हून वेगळं काय आहे? जर्मनांचे हवामानाचे अहवाल ठरलेल्या शब्दांनी सुरू होत. तोही मायनाच.

अर्थात ब्लेचलीला देवघरात बसवायचं कारण नाही. तिथली नेमणूक बरीचशी ओळखीपाळखीने झाली. काम करणाऱ्यांत बायकाच बहुसंख्य, पण वरच्या जागांवर त्या नावाला. जोन क्लार्क ट्युरिंगच्या गटात संदेश फोडायचं काम करायची, पण बायकांना त्या कामाची वरची श्रेणी देण्याची सोयच सरकारी वहीत नव्हती. म्हणून पगार वाढवण्यासाठी तिला भाषातज्ज्ञ म्हणून दाखवलं. फॉर्म भरताना तिने लिहिलं, श्रेणी: भाषातज्ज्ञ, येणाऱ्या भाषा: एकही नाही. मला ही बाई फार आवडते.

ट्युरिंगचं पुढे काय झालं ते सांगायला नको. १९५२ मध्ये समलैंगिक म्हणून शिक्षा, आणि त्याबरोबर गुप्त कामाची परवानगी रद्द. असा माणूस ब्लॅकमेलला बळी पडेल, ही त्यामागची भीती. पण ब्लॅकमेल करायला जागा ठेवली होती कोणी? कायद्यानेच. सुरक्षेच्या नावाखाली आपलीच भिंत पोखरायची, आणि पोखरलेली जागा दाखवून म्हणायचं, बघा, हा दगड कच्चा होता. २०१६ मध्ये ब्लेचलीचा वारसा चालवणाऱ्या ब्रिटनच्या गुप्तचर खात्याच्या प्रमुखाने अशा वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. ट्युरिंगला जाऊन तेव्हा साठ वर्षांवर झाली होती.

आता कोणी म्हणेल, पुण्यातल्या एका कंपनीने एका बीकॉम मुलीला घेतलं नाही, यात राष्ट्रीय सुरक्षा कुठे आली?

११ ऑगस्ट २०१८. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँकांना सुट्टी. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत कोणीतरी आधीच घुसून बसलं होतं. कार्ड यंत्रात घातलं की बँकेच्या स्विचला विचारणा जाते, पैसे द्यायचे का. त्या दिवशी विचारणा खऱ्या स्विचपर्यंत पोचतच नव्हत्या. मधे बसवलेला खोटा स्विच प्रत्येकाला 'हो, द्या' म्हणत होता. बनावट कार्डं घेतलेली माणसं २८ देशांत एटीएमसमोर उभी होती. काही तासांत सुमारे ८० कोटी रुपये गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमधून, म्हणजे बँका एकमेकींना पैशांच्या सूचना पाठवतात त्या जागतिक यंत्रणेतून, आणखी जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात. एकूण ९४ कोटींच्या वर. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या कोर्टाने अकरा जणांना शिक्षा केली, पण ते सगळे एटीएममधून नोटा काढणारे हात. डोकं कुठलं होतं, याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या अहवालात या चोरीचा उल्लेख उत्तर कोरियाच्या संदर्भात आहे. म्हणजे एका देशाच्या फौजेने दुसऱ्या देशाच्या ज्या चौकीवर हल्ला केला, ती चौकी होती गणेशखिंड रस्त्यावरची एक सहकारी बँक.

त्याच टोळीवर संशय असलेली आधीची चोरी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेची, फेब्रुवारी २०१६ ची. तिचे पैसे ठेवलेले होते न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत. तिथे तर चोरांनी पंचांगच मांडलं होतं. गुरुवारी रात्री हात घातला, कारण ढाक्याला शुक्रवार-शनिवार सुट्टी. ढाका जागं होऊन न्यूयॉर्कला विचारायला जाईल तेव्हा तिकडे शनिवार-रविवार. आणि पैसे जाणार मनिलाला, जिथे सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. जवळपास ९५ कोटी डॉलर न्यायचा बेत होता. गेले ८ कोटी १० लाख. श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावाने जाणारे दोन कोटी अडले, ते 'फाउंडेशन'चं स्पेलिंग 'फँडेशन' झालं होतं म्हणून. वाटेतल्या जर्मन बँकेत कोणाच्या तरी डोळ्याला ते खुपलं आणि त्या माणसाने विचारलं, हे काय आहे?

हा डोळा कुठल्या डिग्रीत मिळतो ते मला सांगा.

आपलं राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण जुलै २०१३ मध्ये आलं. त्यात पाच वर्षांत पाच लाख प्रशिक्षित माणसं तयार करायचं उद्दिष्ट होतं. मी तेव्हा ते टीममध्ये छापून भिंतीवर लावलं होतं, इतका आनंद झाला होता. पाच लाख! कुठली पाच लाख, कुठून येणारी, कुठल्या भाषेत विचार करणारी, हे विचारायचं मलाही सुचलं नाही. डोकी मोजायची सवय आपल्याला फार. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, इंग्लंडमधल्या अनेक हॉस्पिटलांची कामं बंद पाडली तेव्हा ते थांबवलं बावीस वर्षांच्या मार्कस हचिन्सने, डेव्हनच्या किनाऱ्यावरच्या आपल्या घरून, दहाअकरा डॉलरचं एक डोमेन विकत घेऊन. विद्यापीठाची पदवी नाही. शिवाय पोरवयात त्याने स्वतः बँका लुटणारा मालवेअर लिहिला होता. त्यासाठी पुढे अमेरिकेत अटक झाली, त्याने गुन्हा कबूल केला, आणि न्यायाधीशांनी भोगलेली कैद पुरे म्हणून सोडून दिलं. आमच्या फॉर्मने त्याला पहिल्या पानावरच घरी पाठवलं असतं, आणि दुसऱ्या पानावर तर पोलिसांना कळवलं असतं.

एकसारखेपणाची भीती मला नीट समजावून सांगितली ती आमच्याच टीममधल्या एका मुलाने. यवतमाळ जिल्ह्यातला आहे. १९ जुलै २०२४, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरचं एक अपडेट बिघडलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडून बसले. आपल्या विमानतळांवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देत होते. हल्ला नव्हता, कोणी शत्रू नव्हता. सगळीकडे एकच पहारेकरी ठेवला होता आणि त्याला एकदम भोवळ आली. आम्ही सकाळपासून एकेक यंत्र सेफ मोडमध्ये नेऊन ती एक फाइल उडवत होतो. दुपारी तो पोरगा चहाचा कप घेऊन टेकला आणि म्हणाला, "ताई, हे आमच्या बोंडअळीसारखंच झालं पाहा."

मग त्याने पाकिटाची गोष्ट सांगितली. बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेल्या, कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर एक छोटं १२० ग्रॅमचं पाकीट यायचं, साध्या, बीटी नसलेल्या कपाशीचं. ते शेताच्या कडेने पेरायचं असा नियम. कारण असं की बीटीवरही हजारांतली एखादी अळी तगतेच. कडेच्या साध्या कपाशीवर वाढलेले साधे पतंग भरपूर असले, तर त्या तगलेल्या पतंगाचा जोडा त्यांच्याशी लागतो आणि पुढची पिढी पुन्हा बीटीला मरते. कडेला साधी कपाशी नसेल, तर तगलेल्याला जोडीला तगलेलाच मिळतो.

"मग?"

"मंग काय. बाबा म्हणे, अळी खाईन ते झाड कायले लावाचं? जागा वाया. सारं गाव तेच म्हणे. ते पाकीट बांधावर फेकून देत. कोणी कोणी तर घरी वाती वळाले रुई पायजे म्हणून चार झाडं लावत, तेवढीच."

२०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं उकलली ती आतून पोखरलेली निघाली. गुलाबी बोंडअळीला बीटीची भीती उरली नव्हती. त्याच्या घरी त्या वर्षी निम्मं पीक उभ्याने जाळलं. सगळ्यांना पाकीट मिळालं होतं, पाकिटावर सूचना छापलेली होती, सरकारचा नियम होता. म्हणजे धोरण होतंच. आता ते साधं बियाणं त्याच पिशवीत मिसळून द्यायची सोय झाली आहे, म्हणजे शेतकऱ्याला निवडून फेकताच येऊ नये.

त्या दुपारपासून एचआरच्या गाळणीकडे मी बघते तेव्हा मला ते पाकीट दिसतं. अळी खाईल ते झाड कशाला लावायचं? बारावीला चोपन्न असलेलं कशाला घ्यायचं?

मग गेल्या दिवाळीच्या आधीचा तो प्रकार. आमच्या एका ग्राहक कंपनीला इचलकरंजीचा एक व्यापारी वर्षानुवर्षं माल पुरवतो. त्याच्याकडून मेल आला: आमचं बँक खातं बदललंय, यापुढची रक्कम नव्या खात्यात भरा. मेल त्याच्याच पत्त्यावरून आलेला, कारण चोर त्याच्या मेलबॉक्समध्येच बसले होते. हेडर स्वच्छ, डोमेन खरं, लिंक नाहीच. आमच्या यंत्रणेने हिरवा दिवा दिला आणि ड्युटीवरच्या दोघा इंजिनिअरांनीही. साडेअठरा लाख गेले. सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेला, कळवायचा नियम आहे, तो आम्ही शिस्तीत पाळला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, साधारण सात लाख वाटेत अडले, बाकीचे दुपारपर्यंत चार राज्यांतल्या खात्यांतून निघून गेले.

दोन दिवसांनी चौकशीचा अहवाल लिहायला मी त्या व्यापाऱ्याचे जुने मेल काढून बसले. सहा वर्षांचे. एकूण एक मेल एकाच तऱ्हेने सुरू: 'मा. देशपांडेसाहेब, स. न. वि. वि.' बिलाची चौकशी असो की दिवाळीच्या शुभेच्छा. एकदा पेमेंट तीन महिने अडकलं होतं आणि हा माणूस पार चिडला होता, तेव्हाही आधी स. न. वि. वि. आणि मग शिव्या. खातं बदलल्याचा मेल सुरू झाला होता 'डिअर सर'ने.

मायना बघून रॅन्समवेअर थांबत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. फायरवॉल काढून तिथे मोडीवाचक बसवा असं मी म्हणत नाहीये. आता मशीनही अस्सल मराठीत पत्र लिहून देतं. पण इचलकरंजीचा हा माणूस चिडल्यावरसुद्धा समोरच्याला काय म्हणतो, हे बघायचं असतं, एवढं माहीत असलेलं एक माणूस आमच्या खोलीत हवं होतं. ते आलं होतं. मी सही केली होती.

तिचा नंबर एचआरच्या फाइलीत सापडला. तिने ओळखलं, "हो मॅडम, तो मेलवाला इंटरव्ह्यू." मधल्या काळात कुणबी नोंदी शोधायला मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, तेव्हा ती काही महिने तहसील कचेरीत जुनी दप्तरं वाचत होती. ते काम संपलं. परत पतसंस्था. मी तिला झाला प्रकार सांगितला, नावं गाळून. ती जरा थांबली आणि म्हणाली, "खाली काय होतं? शेवटी?" मी विचारलं, म्हणजे? "म्हणजे लेखनसीमा. पत्र संपवताना ते काय लिहायचे?" ते मी बघितलंच नव्हतं. फोन कानाला ठेवून मी जुने मेल परत उघडले. 'कळावे, लोभ असावा.' शेवटच्या मेलखाली नुसतं नाव.

नव्या जागांची जाहिरात या महिन्यात काढायची आहे. मी मसुद्यातून साठ टक्क्यांची ओळ काढून टाकली. एचआरने परत घातली. मी परत काढली. तेव्हा तिथल्या मुलाचा फोन आला, अगदी अजिजीने: "मॅडम, माझा काही आग्रह नाहीये हो. पण सिस्टिममध्ये तो रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढेच जात नाही. काहीतरी आकडा लागतोच."

मी लॉगिन केलं. किमान टक्केवारी, दहावी: शून्य. बारावी: शून्य. पदवी: शून्य.

फॉर्म पुढे गेला.